अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल

तहसील कचेरीच्या समोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. नाशिक जिल्ह्यातला कांद्याचा तालुका. इथे कोणाला सरकारशी भांडायचं असेल तर पहिली पायरी माझ्या दुकानाची, कारण तोंडी भांडणाला आवक-जावकमध्ये शिक्का मिळत नाही. टँकर आला नाही, पीकविमा जमा झाला नाही, डीपी जळून महिना झाला, सगळं ‘मा. तहसीलदार साहेब यांसी’ पासून सुरू होतं आणि एकाच वाक्यावर संपतं: ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.’ हे वाक्य मी एका फाइलमध्ये ठेवलंय. गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी चिकटवून टाकते. इतक्या वर्षांत त्याचा अर्थ काय, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असतं तसंच ते.

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कोर्टातल्या एक तरुण वकीलबाई विधेयकाच्या दहा प्रती काढायला आल्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. मशीन तापलं की मी थांबते, आणि थांबले की समोरचा कागद वाचते. ही माझी जुनी खोड. त्या दिवशी व्याख्यांचं पान हातात होतं.

‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, त्याची यादी होती. बंदुका, स्फोटकं, रेल्वे-रस्ते तोडणं, लोकांत दहशत पसरवणं. इथपर्यंत कोणाचं दुमत असायचं कारण नाही. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं होतं आणि अडथळा आणण्याकडे कल असणंही होतं. कायद्याच्या प्रस्थापित संस्था आणि त्यांच्या माणसांच्या कामात व्यत्यय आणणं किंवा तसा कल असणंही होतं. कायदा मोडायला प्रोत्साहन देणं होतं. आणि हे सगळं कृतीने, बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्राने, कसंही.

मी वकीलबाईंना विचारलं, “अहो, मी रोज शेवटी टाकते ते वाक्य यात बसतं का?”

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “ताई, तसं कोणी बसवायचं म्हटलं तर बसतं. नाही म्हटलं तर नाही. अडचण तीच आहे.”

माझी या कामात उडी पडली ती अशी. कुठल्या पक्षात मी नाही, कुठल्या संघटनेची पावती फाडलेली नाही. पण ज्या वाक्यावर माझं पोट चालतं ते कोणाच्या मर्जीवर गुन्हा ठरणार असेल तर ते मला कळायला हवं, एवढंच तेव्हा वाटलं.

विधेयकाचा प्रवास त्यांनी काउंटरवरच सांगितला. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा मांडलं गेलं, मंजूर झालं नाही. निवडणुकीनंतर डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते पुन्हा मांडलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते. नागरिकांना सूचना-हरकती पाठवायला १ एप्रिलपर्यंत मुदत. म्हणजे आमच्या हातात तीन आठवड्यांहून थोडे जास्त.

सरकारचं म्हणणं असं की नक्षलवाद जंगलातून शहरात शिरलाय, दर्शनी संघटनांच्या आडून काम करतोय, आणि छत्तीसगड, तेलंगण, आंध्र, ओडिशात असे कायदे आहेत, आपल्याकडे नाही. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते मला पहिल्याच बैठकीत कळलं.

बैठक माझ्याच दुकानात झाली, शटर अर्धं ओढून. पोलिसांकडे मैदानावरच्या सभेसाठी अर्ज दिला होता. त्याला उत्तर मिळालं की जिल्ह्यात सदतीस एक-तीन लागू आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं हे जमावबंदीचं कलम आमच्याकडे पंधरा-पंधरा दिवसांनी नव्याने लागत राहतं. परीक्षा आहे, सण आहे, निवडणूक आहे, काहीतरी असतंच. आंदोलनाच्या हक्कावर बोलायची सभा जमावबंदीत अडकली, यावर कोणी विनोदसुद्धा केला नाही, इतकं ते सवयीचं आहे.

तर बैठकीला बारा माणसं. त्यात एक निवृत्त हवालदारकाका. त्यांची पाच वर्षं गडचिरोलीत गेलेली. वकीलबाई बोलत असताना ते मध्येच म्हणाले, “१ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ आमची पंधरा पोरं भूसुरुंगात गेली. एकाला मी ट्रेनिंगपासून ओळखत होतो. तुम्ही कागदावरचे शब्द मोजताय.”

दुकानात शांतता. झेरॉक्स मशीनचा पंखा तेवढा घुरघुरत होता.

वकीलबाईंनी वाद घातला नाही. विचारलं, “काका, ज्यांनी ते केलं त्यांना पकडायला तेव्हा कायदा कमी पडला का?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कायदा नाही कमी पडला. दहशतवादविरोधी यूएपीए होता, संघटित गुन्हेगारीचा मोक्का होता. कमी पडली माहिती. आणि गाडी.” पुढे म्हणाले, “पण हे खाली कोण वापरणार ते बघा. तपास पीएसआयकडे, म्हणजे उपनिरीक्षकाकडे दिलाय. नवं पोरगं असतं, वरून फोन आला की कागद करतं. एवढं मोठं कलम त्याच्या हातात देऊ नये. हे लिहा माझ्या नावाने.”

आमची पहिली खरी हरकत ती. आणि ती विधेयकाला विरोध करायला आलेल्या माणसाकडून आली नाही.

त्यानंतर मात्र मी एक मोठी चूक केली. वकीलबाईंनी चौदा मुद्द्यांचं एक पत्र तयार केलं. त्यात सगळं होतं. सरकार अधिसूचना काढून संघटना बेकायदेशीर ठरवणार. कारणं सांगणं जनहिताविरुद्ध वाटलं तर ती सांगायचं बंधन नाही. नंतर सल्लागार मंडळ बघणार. एकदा संघटना तशी जाहीर झाली की सभासदाला ३ वर्षं आणि ३ लाखांपर्यंत दंड, सभासद नसून मदत किंवा देणगी देणाऱ्याला २ वर्षं आणि २ लाख, बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला ७ वर्षं आणि ५ लाख. दखलपात्र, अजामीनपात्र. मुद्दे चोख होते. मी त्याच्या पाचशे प्रती मारल्या, खाली ‘नाव, गाव, सही’ अशी टिंबं टाकली आणि बाजारच्या दिवशी वाटायला बसले. दोन तासांत साठ सह्या. मला वाटलं, जिंकलो.

मग एक अंगणवाडीताई आली. तिने चष्मा लावून चौदाच्या चौदा मुद्दे वाचले, उभ्या-उभ्या. आणि विचारलं, “ताई, यात मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “खाली सही करायची जागा आहे ना.”

“सही करते. पण हे त्या साहेबांनी वाचलं तर त्यांना काय कळेल, मी कोण आणि मला काय होणार? पाचशे कागद सारखेच आले तर ते पहिला वाचतील आणि बाकीचे मोजतील.”

खरं होतं. मी स्वतः तेच करते. एकाच मजकुराची शंभर निवेदनं आली की शिपाई वरचं एक फायलीत लावतो, बाकीचा गठ्ठा कपाटावर. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि मीच पाचशे प्रती मारून बसले होते. त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पुढचे दोन महिने हिशेब लिहिले.

त्या ताईपासून पद्धत बदलली. दुकानात एक स्टूल ठेवलं. येईल त्याला आम्ही तीनच गोष्टी विचारायचो. शेवटचं आंदोलन तुम्ही कधी आणि कशासाठी केलं? त्यात कोणाची काय अडचण झाली, खरं सांगा. आणि ते करता आलं नसतं तर पुढे काय झालं असतं? तो बोलेल तसं मी टाइप करायचे, वकीलबाई शेवटी एका ओळीत लागू पडणारं कलम जोडायच्या. बस. एका पानावर जायचं नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. माणसं आधी म्हणायची, “कोणाचीच अडचण नाही झाली.” मग खोदून विचारलं की कबूल व्हायची. अंगणवाडीताई म्हणाली, “४ डिसेंबर २०२३ ला संप सुरू झाला तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. पोरांचा आहार बंद होता. अडचण झाली. झाली म्हणून तर चर्चेला बोलावलं.” २०१८ साली त्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी करणारा कायदा, लावला होता आणि ओरड झाल्यावर त्याला स्थगिती दिली, तेही तिने सांगितलं. तिच्या हरकतीचं पहिलं वाक्य मी तसंच ठेवलं: ‘आमच्या संपाने अडथळा येतो, कारण आमच्या कामाने काहीतरी चालतं.’ यापुढे चौदा मुद्दे काय करणार?

कांदेवाले भाऊ आले, ते तर हसत म्हणाले, “रास्ता रोकोचं नावच रस्ता रोखणं आहे, त्यात कल कसला शोधता?” डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा ते महामार्गावर बसले होते. अर्धा तास, पोलिसांना आधी कळवून, अॅम्ब्युलन्सला वाट ठेवून. उचलून नेलं, पोलीस कायद्याचं कलम अडुसष्ट-एकोणसत्तर दाखवलं, संध्याकाळी सोडलं. “हे आमच्यात ठरलेलंच असतं,” म्हणाले. “ते उचलतात, आम्ही उचलून घेतो. उद्या या ठरलेल्या खेळात कोणी सात वर्षं आणली तर खेळ मोडला ना.”

शेजारच्या आदिवासी पाड्यावरच्या एक आजी २०१८ च्या किसान लाँग मार्चला गेलेल्या. ६ मार्चला नाशिकहून निघाल्या, १२ तारखेला मुंबईत. त्यांना विचारलं, कोणाची अडचण झाली का? त्या म्हणाल्या, “पोरांची दहावीची परीक्षा होती ना, म्हणून शेवटच्या रात्री झोपलो नाही. रातोरात मैदान गाठलं, रस्ता सकाळी मोकळा राहावा म्हणून.” पाय सोललेले दाखवायला लागल्या, सात वर्षांनी. त्यांची हरकत चार ओळींची झाली आणि त्यांचा अंगठा शाईने पसरला. वकीलबाई म्हणाल्या, दुसरी प्रत काढू. मी म्हटलं, राहू दे.

सगळ्यांत अवघड हरकत मंडपवाल्याची. तो कोणत्याच बाजूचा नाही. लग्न असो, कीर्तन असो, मोर्चा असो, मंडप आणि माईक भाड्याने देतो. त्याने शांतपणे विचारलं, “माझं काय होणार? मी पाचशे रुपये सवलत देतो आंदोलनवाल्यांना. ती देणगी झाली का? आणि समजा ती संघटना पुढे बेकायदेशीर जाहीर झाली, तर मला आदल्या दिवशी कसं कळावं?” वकीलबाईंनी तरतूद वाचून दाखवली. जाहीर झाल्यानंतरच्या मदतीबद्दल ती बोलते. तो म्हणाला, “कळलं. पण तुम्ही वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मला रात्री दोनला फोन येतो, ‘सकाळी मंडप टाक’. तेव्हा मी राजपत्र वाचू की बांबू मोजू?”

ते त्याच्या हरकतीत शब्दशः गेलं. अशा कायद्याचं वजन पुढाऱ्यांवर नंतर पडतं. आधी पडतं ते मंडपवाला, टेम्पोवाला, हॉलवाला, झेरॉक्सवाली यांच्यावर. कारण त्यांना जपायला तत्त्व नाही, धंदा आहे. पुढारी जेलमधून सुटला की हार घालतात. मंडपवाल्याचा माईक जप्त झाला की त्याची लग्नसराई गेली.

एक कॉलेजचा मुलगा मात्र भगतसिंगांनी भरला होता. ८ एप्रिल १९२९, दिल्लीची असेंब्ली, पब्लिक सेफ्टी बिल. नावसुद्धा तेच, जनसुरक्षा! त्याला बाँबपासून सुरुवात करायची होती. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, हरकतीत बाँब लिहितोस? त्याच महिन्यात सभापती विठ्ठलभाई पटेल यांनी ते विधेयक सभागृहात घ्यायलाच नकार दिला, ते लिही. मग व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तेच केलं, तेही लिही.” पोराचा थोडा हिरमोड झाला. पण लिहिलं छान.

वकीलबाईंची स्वतःची हरकत एका जुन्या निकालावर उभी होती, आणि तो मला सोप्या शब्दांत समजावताना त्यांनी अख्खी दुपार घालवली. मद्रास सरकारने १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था बेकायदेशीर जाहीर केली. कायदा असा की सरकारला तसं वाटलं की पुरे, मागाहून सल्लागार मंडळ कागद बघेल. संस्थेचे सरचिटणीस व्ही. जी. राव कोर्टात गेले. ३१ मार्च १९५२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. संघटना करायचा हक्क एवढा मोठा आहे की त्याच्यावरची बंदी सरकारच्या नुसत्या समाधानावर सोडता येत नाही, आणि सल्लागार मंडळ ही कोर्टातल्या चौकशीची जागा घेऊ शकत नाही. “यूएपीएखाली बंदी आली तरी ती हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या न्यायाधिकरणापुढे जाते,” त्या म्हणाल्या. “इथे पुन्हा सल्लागार मंडळच. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी परत पाठवलेला माल नव्या खोक्यात.”

छत्तीसगडचंही त्यांनी सांगितलं. तिथला असाच कायदा २००५ चा. डॉ. बिनायक सेन यांना मे २००७ मध्ये अटक झाली त्या गुन्ह्यात तो लावला होता, त्यांना सुप्रीम कोर्टातून पहिल्यांदा जामीन मिळाला २००९ साली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बस्तरमधल्या मूलवासी बचाओ मंच या संघटनेवर त्याच कायद्याखाली बंदी आली. सुरक्षा दलांच्या छावण्यांना विरोध करणारी आदिवासी तरुणांची संघटना ती. हवालदारकाका हे ऐकत होते. तेव्हा काही बोलले नाहीत, पण जाताना म्हणाले, “छावणीला विरोध आणि छावणीवर हल्ला, यात फरक असतो. आम्हालाही कळायचा तो. सगळ्यांना नाही कळायचा.”

मधल्या काळात पोलिसांच्या गोपनीय शाखेचे एक साहेब दोनदा येऊन गेले. साध्या कपड्यात, पण त्यांना सगळा बाजार ओळखतो. त्यांच्या मुलीचे दाखले मीच टाइप केलेत. “ताई, किती झाल्या?” मी म्हटलं, विधानमंडळाने मागवल्यात, लोक पाठवतायत. “ते माहितीये. आकडा द्या, वर कळवायचाय.” मी आकडा दिला. त्यात लपवायचं काय होतं? पण त्यानंतरच्या आठवड्यात दोघेजण आपापली हरकत परत घ्यायला आले. एक सोसायटीत कामाला, एकाच्या मुलाचं पोलीस भरतीचं मैदान जवळ आलेलं. मी कागद परत दिले. त्यांना समजवायला मी कोण?

शेवटचे तीन दिवस आठवले की अजून घाम फुटतो. ३० मार्चला गुढीपाडवा, त्यातून रविवार. ३१ ला ईद. टपाल बंद. १ एप्रिलला मुदत संपणार. हे मी कॅलेंडरवर पाहिलं २८ ला, शुक्रवारी रात्री. स्पीड पोस्टचा विचार तिथेच संपला. मग ईमेल. सगळ्या हरकती एकत्र करून एका ओळखीच्याला आधी पाठवून पाहिल्या. त्याचा फोन आला, “हे काय पाठवलंयस? नुसते कावळे-चिमण्या दिसतायत.” मी जन्मभर श्रीलिपीत काम केलं. माझ्या मशीनवर मराठी, दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की कचरा. एकवीस वर्षं छापील कागदच द्यायचा असल्याने कधी अडलं नव्हतं.

पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढी उभारली आणि दुकान उघडलं. कॉलेजचा तो मुलगा आणि त्याच्या दोन मैत्रिणी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला बसल्या, मोबाइलवर. मी वाचून दाखवायची, ते बोटांनी टाइप करायचे, माझ्यापेक्षा जलद. ईदच्या दुपारी शेजारच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या चाचांनी शीरखुर्मा पाठवला आणि स्वतःची हरकतही, उर्दू वळणाच्या मराठीत, दोन ओळी: ‘माझ्या दुकानासमोरून मोर्चा गेला की मी शटर ओढतो. नुकसान होतं. तरी मोर्चा बंद करू नका.’ एकूण हरकती झाल्या २१७. साठ सह्यांचे ते तयार कागद त्यात धरले नाहीत. त्यातल्या ज्यांनी पुन्हा येऊन आपलं लिहिलं, ते धरले.

ईमेल गेली, पण माझा ईमेलवर विश्वास नाही. पोच म्हणजे निळा शिक्का. म्हणून छापील गठ्ठा घेऊन अंगणवाडीताई आणि कांदेवाले भाऊ ३१ च्या रात्रीच्या एसटीने मुंबईला निघाले. वकीलबाई स्टँडवर म्हणाल्या, “राव यांच्या निकालाची तारीख आज आहे.” भाऊंनी विचारलं, “कोण राव?” गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोटो आला. पहिल्या पानावर शिक्का, तारीख १ एप्रिल. मी त्याची रंगीत प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली. अजून आहे.

पुढचं थोडक्यात. राज्यभरातून १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती गेल्या असं नंतर कळलं. त्या गर्दीत आपले २१७ कोणी वाचले असतील का, हे विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं. जूनअखेरीस मुंबईत आझाद मैदानावर मोठं आंदोलन झालं. आमच्याकडून एक जीप गेली. मी गेले नाही, शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचा हंगाम होता, दाखल्यांची रांग रस्त्यापर्यंत. थोडी लाज वाटली. पण हंगाम हंगाम असतो.

१० जुलैला विधानसभेत विधेयक आलं. दुकानातल्या मोबाइलवर आम्ही थेट प्रक्षेपण लावलं होतं, गिऱ्हाइकंही थांबून बघत होती. मुख्यमंत्री म्हणाले, राज्यात अशा ६४ संघटना आहेत आणि हा कायदा सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांसाठी नाही. समितीने केलेले बदल सांगितले गेले. ‘व्यक्ती आणि संघटना’ याऐवजी आता कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना. सल्लागार मंडळाची रचना बदलली. आणि तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल.

हवालदारकाका स्टुलावर बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “माझ्यामुळे नाही झालं ते,” ते पटकन म्हणाले. “बारा हजारांत आणखी शंभरांनी लिहिलं असेल.” पण चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनी दिले.

आवाजी मतदान झालं. उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही मंजूर. मी वकीलबाईंकडून सुधारित मसुदा मागून घेतला आणि ते व्याख्यांचं पान पुन्हा वाचलं. मार्चमध्ये आम्ही पेन्सिलने खूण केलेली वाक्यं जागेवरच होती. ‘कल’ कुठे गेला नव्हता. आणि ‘तशा संघटना’ म्हणजे कशा, ते मला अजून कोणी एका वाक्यात सांगितलेलं नाही. विरोधी पक्षांचे लोक समितीत होते, त्यांनी तिथे किती भांडून घेतलं, यावर वकीलबाई फार चिडून बोलतात. मला तेवढं कळत नाही. पण ज्या दिवशी बाहेर भाषणं झाली त्या दिवसांपेक्षा समितीच्या बैठकांचे दिवस मोलाचे होते, एवढं कळतं.

ऑगस्टमध्ये मंडपवाला आला, नवीन पावतीपुस्तक छापायला. खाली एक ओळ वाढवायची होती: ‘आम्ही फक्त भाडेतत्त्वावर साहित्य पुरवतो, कार्यक्रमाच्या हेतूशी आमचा संबंध नाही.’ मी म्हटलं, लग्नाच्या पावतीवरही हीच ओळ येणार मग. तो म्हणाला, “येऊ द्या. नवऱ्या मुलाला कुठे वाचायचीय.” सवलतीचा रकाना त्याने पुस्तकातून काढून टाकला.

त्याच आठवड्यात दोन निवेदनं अशी टाइप केली की माणसांनी स्वतःहून सांगितलं, “ताई, ते शेवटचं आंदोलनाचं नका टाकू. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ एवढंच टाका.” टाकलं. पानाचे पैसे तेवढेच.

मग शुक्रवारी कांदेवाले भाऊ आले. भाव पडलेले, निवेदन द्यायचं होतं, खाली नऊ नावं. मी मजकूर टाइप केला आणि शेवटच्या ओळीपाशी हात थांबला. म्हटलं, “भाऊ, हे ठेवू की काढू?”

त्यांनी मान वाकडी करून स्क्रीनवर वाचलं. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’

“हे बरोबर नाही,” ते म्हणाले.

“काढते.”

“काढू नका हो. ‘छेडण्यात येईल’ म्हणजे कोण छेडणार? वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. तुम्हीच स्टुलावर बसवून विचारायच्या ना, कोणी केलं, कोणाची अडचण झाली. ‘आम्ही महामार्गावर अर्धा तास बसू, अॅम्ब्युलन्सला वाट देऊ’ असं लिहा. आणि तारीख टाका.”

‘तीव्र’सुद्धा काढायला लावलं. नऊ नावांपैकी दोघांना त्यांनी तिथूनच फोन केला, वाक्य वाचून दाखवलं. एकजण म्हणाला, माझं नाव राहू दे. दुसऱ्याने बराच वेळ घेतला, मग काढ म्हणाला. मी नऊचे आठ केले, पुन्हा अनुक्रमांक दिले आणि दोन प्रती मारल्या. एक कचेरीला, एक पोचसाठी.